दादासाहेबांच्या गाडीचे ब्रेक

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक काळं तेल आणि दुसरे किस्से. तेल न्यायला निदान माणसं तरी यायची. बंडीवाले डबा घेऊन यायचे आणि बैलबंडीच्या आसाला वंगण म्हणून ते घेऊन जायचे. किस्से मात्र कोणी नेले नाहीत. ते माझ्याकडेच पडून राहिले, आणि आता तुमच्यासारखं कोणी चहाला बसलं की एकेक करून बाहेर येतात.

माझं गॅरेज बुलढाण्यात, मलकापूरच्या रस्त्याला, गाव संपून घाट लागायच्या जरा आधी. वडील कचेरीत कारकून होते. मुलगा दिवसभर गाड्यांखाली झोपतो, हे त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली होती, पण स्पेअर पार्ट अकोल्याहूनच यायचे.

घरच्या गाड्या गावात मोजक्याच. एक वकीलसाहेबांची, एक डॉक्टरसाहेबांची, एक दादासाहेबांची, अशा. गाडी बिघडली की काय होतं, कधी होतं, आवाज कुठून येतो, हे आधी विचारायचं असं मी शिकलो होतो. पण मालक मंडळींची तऱ्हा वेगळी! बिघाड सांगा म्हटलं की ते आरोपी सांगायचे. ड्रायव्हर नालायक आहे, पेट्रोलवाला चोर आहे, कोणाची तरी नजर लागली आहे. गाडीचं काय दुखतंय ते कोणालाच ऐकायचं नसे.

*

वकीलसाहेबांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा बिघाड सगळ्यात सोपा होता. सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. दिवे पिवळे पडायचे, स्टार्टर नुसता कण्हायचा. शाळकरी पोरानंही सांगितलं असतं की बॅटरी गेली. मी सांगितलं, तर म्हणाले, “बघू.”

बघू म्हणजे काय, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांच्या ओसरीवर सकाळी पक्षकारांची गर्दी असायची. साहेब कोट घालून गाडीत बसले की ही सगळी मंडळी टोप्या सावरत गाडी ढकलायला लागायची. कोणी शेतीच्या दाव्यातला, कोणी फौजदारीतला. ज्याची तारीख जवळ आलेली, तो जास्त जोर लावायचा. अशी बॅटरी कोण बदलेल?

त्यात दोघं सख्खे भाऊ होते. धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्यांचं वर्षानुवर्षं चालू होतं. थोरला आमच्या वकीलसाहेबांकडे आणि धाकटा शेजारच्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्या वकिलाकडे. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. पण साहेबांना कोणाचा पक्षकार कोण याच्याशी काय घेणं? धाकटा रस्त्यात दिसला की त्यालाही म्हणायचे, “अरे, लाव हात.” मग मागच्या एका दिव्याशी थोरला, दुसऱ्या दिव्याशी धाकटा आणि आत वकीलसाहेब, अशी गाडी निघायची.

एका सकाळी गाडी जरा जास्तच अडली. बाजारपेठेपर्यंत ढकलत न्यावी लागली. तिथं थोरला धापा टाकत खाली बसला. धाकट्यानं त्याला लोट्यानं पाणी दिलं. थोरल्यानं ते घेतलं, आणि आईच्या तब्येतीचं विचारलं. मग दोघं तिथंच फुटपाथवर बसून बोलायला लागले. वकीलसाहेबांनी हे गाडीच्या आरशात पाहिलं.

गाडी कचेरीत न नेता ते तडक माझ्याकडे आले आणि म्हणाले, “वामनराव, नवी बॅटरी टाका. आजच्या आज!”

*

डॉक्टरसाहेबांची गाडी तापायची. रेडिएटरला खालून बारीक चीर होती, पाणी ठिबकायचं. डाग देऊन, म्हणजे कथलानं चीर सांधून घ्या म्हणून मी सांगत होतो. पण गाडी माझ्याकडे ठेवायला त्यांना सवड नव्हती. त्यांना एकाच गोष्टीला सवड असायची, ती म्हणजे खेड्यातल्या पेशंटांना झापायला. जखमेला हळद लावून कोणी आला की त्याची धडगत नसे. एका म्हातारीच्या पायाची हळद त्यांनी साऱ्या दवाखान्यासमोर पुसून काढली होती आणि तिला अडाणी, गावंढळ, काय काय म्हणाले होते. म्हातारी ऐकून घेऊन लंगडत निघून गेली होती.

पुढं एकदा ते सहकुटुंब हिवरा आश्रमाला निघाले. मेहकरच्या अलीकडे गाडीनं वाफ सोडली. मी मागच्या सीटवर होतो, कारण गाडीचा भरवसा नसल्यानं ते मला लांबच्या प्रवासाला बरोबर घ्यायचे. मी म्हटलं, पाणी मिळेल, पण राहणार नाही. चीर बुजवायला सध्या एकच उपाय आहे, रेडिएटरमध्ये हळद घालायची. ती फुगून भेगेत बसते, घरापर्यंत निभावतं.

रस्त्यानं बाजारातून परतणारी माणसं चालली होती. डॉक्टरसाहेब स्वतः उतरून हळद मागायला गेले. नेमकी तीच म्हातारी! तिनं गाठोडं सोडलं, पुडी दिली, आणि आम्ही ती रेडिएटरात घालत असताना काठी टेकून शेवटपर्यंत पाहत उभी राहिली.

“माह्या पायाले चिमूटभर लावली तं मले गावंढळ म्हणे,” ती गाडीतल्या बाईसाहेबांना म्हणाली, “अन् गाडीले पुडीच पाजून राह्यला.”

बाईसाहेब पदराआड हसल्या. डॉक्टरसाहेबांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्या दिवसापासून त्यांनी हळदीचा डबाच गाडीत ठेवला आणि डाग द्यायचं कायमचं रद्द केलं. रेडिएटर आतून हळदीनं चोंदला, आणि उन्हाळ्यात चिखलीच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. तेव्हाही त्यांनी मलाच झापलं. हळद कोणी सुचवली होती, असं विचारलं.

*

आता दादासाहेब. यांची शेती घाटाखाली मोताळ्याकडे, भरपूर कापूस, आणि बंगला वर बुलढाण्यात. त्यामुळे घाट उतरणं आणि चढणं हे त्यांच्या गाडीचं रोजचं काम. गाडी चालवायचा श्रीपत. बंगल्याच्या मागल्या बाजूला एका खोलीत तो बायकोपोरांसह राहायचा. नोकरी गेली तर खोली गेली, असा तो हिशेब. स्वभावानं तापट, बोलायला फटकळ, आणि गाडीवर जीव. मालकाला उलटून बोलता येत नाही म्हणून सगळं माझ्याकडे येऊन बोलायचा.

गाडीला पेट्रोल जास्त लागायला लागलं. दादासाहेबांनी गाडी मला दाखवली नाही. त्यांचं निदान घरीच तयार होतं, श्रीपत पेट्रोल विकतो! त्यांनी लोहाराकडून टाकीच्या झाकणाला कडी करून घेतली, तिला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवली. कुलूप चांगलं ठसठशीत होतं. सगळ्या गावानं ते पाहिलं आणि सगळ्या गावाला त्याचा अर्थ कळला. श्रीपतच्या बायकोला विहिरीवर बायका विचारायला लागल्या, की काय गं, खरं का?

पुतण्याच्या सोयरिकीसाठी दादासाहेब पिंपळगाव राजाला निघाले, आणि गावाच्या वेशीशी गाडी थांबली. टाकी कोरडी. पाहुण्यांनी धावपळ करून डब्यातून पेट्रोल आणलं, पण कुलूप कसं उघडणार? त्या दिवशी सोयरिकीचा म्हणून दादासाहेबांनी नवा कोट घातलेला, किल्ली राहिली जुन्या कोटात. शेवटी मुलीच्या बापानं दगडानं कुलूप फोडलं. सोयरीक जमली नाही ते सोडा.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडे आली. मी खाली शिरलो, तर टाकीच्या बुडाला गंजून भोक पडलेलं. मी दादासाहेबांना वाकायला लावलं आणि बोट लावून दाखवलं. म्हटलं, “कुलूप वरून लावलंत, भोक खालून आहे.”

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. श्रीपत शेजारीच उभा होता. माणसानं निदान एक शब्द तरी बोलावा की नाही? दादासाहेब उठले, हात झटकले आणि म्हणाले, “भोकाले साबण लाव तात्पुरता. अन् नवं कुलूप आणून लाव. आता काढलं तं लोकाले वाटन, आपलंच चुकलं.”

*

त्याच खेपेला श्रीपतनं मला ब्रेकचं पहिल्यांदा सांगितलं. म्हणाला, “वामनभाऊ, पाय पार खाली जाते. तीन-चारदा दाबा तवा कुठं लागते.” मी चाकं उघडली. चारही चाकांत आतली रबरं झिजलेली, ब्रेकचं तेल झिरपून चाकात पसरलेलं. तेल भरून, हवा काढून दिली की काही दिवस ब्रेक लागायचे, मग पुन्हा तेच. हँडब्रेकची तारही धाग्यावर आलेली. हे मी दादासाहेबांना माणसाच्या भाषेत समजावून सांगितलं. रबरं अकोल्याहून मागवावी लागतील, गाडी चार दिवस ठेवावी लागेल आणि तोवर घाट उतरायचा नाही.

दादासाहेब गाडीत बसून हॉर्न दाबून पाहत होते. तो कफ झाल्यासारखा वाजत होता. म्हणाले, “आधी याचं पाह्य. मोताळ्याच्या बाजारात बैल बाजूले होत नाईत.”

मी पुन्हा ब्रेकचं काढलं.

“हॉर्न खणखणीत कर,” ते म्हणाले, “लोक बाजूले झाल्यावर ब्रेक कशाले लागते?”

मला वाटलं होतं पैशाचं असेल. तसं नव्हतं. खरं कारण माईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं सांगितलं. त्या वर्षात सिलिंगचा कायदा आला होता. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी जाणार, कोणाची किती गेली, कोण बसला, हीच गावात चर्चा. दारातली गाडी चार दिवस दिसली नाही, तर लोक म्हणतील विकली. म्हणून गाडी दारात पाहिजे, पुसलेली पाहिजे आणि वाजली पाहिजे. थांबली पाहिजे असं कोणी म्हणत नव्हतं, कारण थांबलेली गाडी तर रोजच दारात दिसायची.

माईसाहेबांचे गुडघे गेलेले होते, देवदर्शनाला त्यांना गाडीशिवाय जाता येत नसे. त्यामुळे घाटात त्या मागे बसलेल्या असायच्या आणि समोर श्रीपतचा पाय दणादण आपटताना त्यांना दिसायचा. दादासाहेब नागपूरला गेले तेव्हा त्यांनी श्रीपतच्या हाती निरोप पाठवला, की मालक येईपर्यंत ब्रेक करून टाका, मी बोलणी खाईन. मी लगेच अकोल्याला माणूस धाडला. गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली. रबरांची पुडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात आली, आणि दादासाहेबही त्याच संध्याकाळी परत आले. ठरल्यापेक्षा आधी. दारात गाडी नाही हे पाहून ते तसेच टांग्यानं माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्या जुन्या रबरांवर चाकं चढवायला लावली. सकाळी त्यांच्या एका कुळाच्या पोराची वरात होती, नवरदेवाला गाडी कबूल केलेली.

पुडी मी टेबलाच्या खणात ठेवून दिली.

*

ती वरातही सांगतो. दादासाहेबांच्या गावांत पद्धतच होती, की कोणाचंही लग्न असो, नवरदेव पारण्याला, म्हणजे मांडवाकडे निघालेल्या मिरवणुकीत, दादासाहेबांच्या गाडीतून जायचा. फुकट. त्याबद्दल मताला नाही म्हणायचं नाही, एवढंच. बाजा पुढं, माणसं पुढं, आणि गाडी त्यांच्या मागं मुंगीच्या चालीनं. श्रीपत सांगायचा, की वरातीचा एक दिवस म्हणजे क्लचचं एक वर्ष. दिवसभर अर्धवट दाबलेल्या पायावर गाडी रांगवली, तर क्लचच्या पट्ट्या जळणारच.

मोताळ्याच्या वेशीत जळलेल्या पट्ट्यांचा वास सुटला. इंजिन ओरडतंय पण गाडी जागची हलत नाही! नवरदेव मुंडावळ्या बांधून आत घामाघूम, बाजेवाले थांबलेले. मुहूर्त टळायला लागला. मग कोणीतरी बंडीचे बैल सोडून आणले, गाडीच्या पुढच्या बंपरला जू बांधलं, आणि वरात पुन्हा निघाली. श्रीपतनं मला सकाळीच खाली बोलावलं होतं म्हणून मी सायकलवरून घाट उतरून पोचलो, तेव्हा हे दृश्य समोर. बैल गाडी ओढताहेत, नवरदेव खिडकीतून हात जोडतोय आणि श्रीपत स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवतोय, कारण दादासाहेबांचा तसा हुकूम होता.

मांडवासमोर बैलवाल्यानं नुसतं “हो, हो” केलं. बैल उभे राहिले, गाडी उभी राहिली.

श्रीपत खाली उतरला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाला, “वामनभाऊ, आज पह्यल्यांदा या गाडीले ब्रेक लागले.”

मांडवात हे ऐकून माणसं हसली. मीही हसलो. श्रीपत हसला नव्हता, हे आता आठवतं.

*

झालं ते भरदिवसा झालं. नवा क्लच पडला होता, ब्रेक तेच. दादासाहेब आणि माईसाहेब खाली शेतावर निघाले होते. माझ्या गॅरेजवरून गाडी गेली तेव्हा श्रीपतनं नेहमीसारखा हात केला.

घाटात दुसऱ्या वळणानंतर पाय खाली गेला तो वर आलाच नाही. श्रीपतनं मारायचे तेवढे पंप मारले. हँडब्रेक ओढला तर तार तुटून दांडा हातात आला. त्यानं गिअर पाडून पाहिले. एका बाजूला दरी, समोर वळण, आणि मागं माईसाहेब. तेव्हा त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरडीला घासत, मडगार्ड सोलत, दिवा फोडत ती थोडी पुढं गेली आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका दगडावर पुढचं चाक चढून अडकली. श्रीपतचं खांद्याचं हाड मोडलं. मागच्या दोघांना खरचटलंही नाही.

मी पहार घेऊन पोचलो. तो दगड चाकाखालून काढायला मला बराच वेळ लागला. पाट्याएवढा असेल, काळा, एका बाजूनं सपाट. काढून बाजूला फेकणार, तेवढ्यात दादासाहेब ओरडले, “ठेव तिथंच! त्यानं वाचवलं आमाले.”

दुसऱ्या दिवशी त्या दगडाला शेंदूर लागला. आठवड्याच्या आत दरडीला लागून ओटा झाला, ओट्यावर दगड बसला. येणारेजाणारे ट्रकवाले नारळ फोडायला लागले. कोणी नाव दिलं ठाऊक नाही, पण सगळे त्याला थांबोबा म्हणायला लागले. नवस बोलणारेही निघाले.

आणि श्रीपत? त्याला दादासाहेबांनी काढून टाकलं. मडगार्ड सोलला, दिवा फोडला, गाडी विद्रूप केली. माझ्यासमोर म्हणाले, “देव होता म्हून वाचलो. हा नालायक तं डोंगरात घालूनच राह्यला होता.” मी म्हटलं, दादासाहेब, डोंगरात घातली म्हणून तर वाचलात. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू मी देवाबद्दल काही वाईट बोललो.

गळ्यात हात बांधलेल्या अवस्थेत श्रीपतनं खोली रिकामी केली. माईसाहेब मागल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या बायकोची ओटी भरली. त्यापलीकडे काही करायची त्या घरात त्यांना मुभा नव्हती. श्रीपत मोताळ्याकडे सासुरवाडीला गेला आणि खांदा जुळल्यावर बंडीनं कापूस वाहायला लागला.

गाडी मी ठोकून, रंगवून दिली. रंग वाळला तसे दादासाहेब न्यायला आले. मी खण उघडून रबरांची पुडी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही.

“आता घाटात कायची भीती?” ते म्हणाले. “तिथं देव बसला हाये.”

मला त्या दिवशी फार राग आला. अजूनही येतो. पुडी पुन्हा खणात गेली, आणि हँडब्रेकची तार नव्या ड्रायव्हरनं, म्हणजे त्यांच्या दूरच्या भाच्यानं, सुतळीनं आवळून घेतली.

*

आता शेवटचा.

दसरा होता. दादासाहेबांनी थांबोबाच्या ओट्यावर पत्र्याचं छप्पर घातलं होतं, त्याची पूजा ठरवली. मानाची मंडळी बोलावली. मला का बोलावलं ते मला आजही कळलेलं नाही. मी वकीलसाहेबांच्या गाडीतून गेलो. नव्या बॅटरीमुळे ती एका झटक्यात सुरू झाली.

दादासाहेबांची गाडी पुढं. झेंडूच्या माळा, बॉनेटला आंब्याचं डहाळं, टाकीचं पितळी कुलूपसुद्धा चिंचेनं घासून चकचकीत केलेलं. ओट्याच्या जरा वरच्या अंगाला, उतारावरच, त्या सुतळीच्या हँडब्रेकवर, गाडी उभी केली. दसऱ्याच्या दिवशी देवापुढं इंजिन बंद करायचं नाही, असा दादासाहेबांचा हुकूम होता, म्हणून ते चालूच ठेवलं. माईसाहेब गुडघ्यांमुळे गाडीतच बसून राहिल्या. बाकीचे उतरले. वकीलसाहेबांनी त्यांची गाडी मागं वळणावर लावली, आम्ही चालत खाली आलो.

खालून एक कापसाची बंडी चढत होती. घाटात बंडीवाल्यांची रीत अशी, की दमलेले बैल उभे केले की आधी खाली उतरून चाकामागे दगड लावायचा, मग बिडी काढायची. हा बंडीवाला ओट्याजवळच थांबला, उतरला, चाकामागे दगड लावला. टोपी सारखी केली तेव्हा मी ओळखलं. श्रीपत. त्यानं मला पाहिलं, मान हलवली आणि बिडी न पेटवता कडेला उभा राहिला. दादासाहेबांनी त्याला पाहिलं असावं, पण दाखवलं नाही.

आरती सुरू झाली. भाच्यानं खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवला. तो खरोखर खणखणीत होता, माझंच काम. मग त्यानंही येऊन हात जोडले. घंटा, टाळ, टाळ्या. दादासाहेब हातात नारळ घेऊन डोळे मिटून पुढं उभे. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे नव्हते, कारण मी चाकाकडे पाहत होतो. ते हललं.

आधी बोटभर, मग वीतभर. मी ओरडलो, पण घंटेत माझा आवाज मलाच आला नाही. मागच्या खिडकीत माईसाहेबांचा चेहरा होता आणि गाडीपुढं ओटा सोडला तर थेट वळण आणि दरी.

श्रीपत कधी हलला ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो ओट्यावर होता. हार, फुलं, ताम्हण, सगळं बाजूला सांडलं. त्यानं थांबोबा दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरून तीन ढांगांत रस्त्यावर आला, खाली बसला आणि पुढच्या चाकासमोर त्याला सपाट बाजूनं सरकवून दिला. चाक त्यावर अर्धं चढलं, थरथरलं आणि तिथंच राहिलं.

घंटा थांबली. इंजिन तेवढं चालू होतं. श्रीपतचे हात कोपरापर्यंत शेंदरानं माखले होते आणि मोडलेला खांदा त्यानं दुसऱ्या हातानं दाबून धरला होता.

दादासाहेबांनी डोळे उघडले. आधी रिकामा ओटा पाहिला, मग चाक. गाडीच्या आत त्यांनी पाहिलंच नाही.

“श्रीपत्या, देवाले चाकाखाली घातलं बे?”

श्रीपत उठला. हात धोतराला पुसले.

“मागच्या खेपेलेही तो तिथंच होता, दादासाहेब.”

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. माईसाहेब दाराला धरून, एकेक पाय टेकत, खाली उतरल्या. भाचा हात द्यायला धावला, त्यांनी तो घेतला नाही. दादासाहेबांच्या समोरून त्या चालत गेल्या, त्या गुडघ्यांवर, पार बंडीपर्यंत. तिथं थांबून त्यांनी चाकामागे लावलेला दगड पाहिला.

“श्रीपत,” त्या म्हणाल्या, “तुह्यी बंडी थांबते ना?”

“थांबते, माईसाहेब.”

“मंग मले घरी ने.”